दातखीळ: करवंदीच्या काट्यापासून चेतापेशीच्या दारापर्यंत

अनंत चतुर्दशीला आमच्या रुग्णालयात कुणी सुट्टी मागत नाही, कारण मिळत नाही. पालिकेचं रुग्णालय, त्यात विसर्जनाच्या वाटेवर. कुणाचा पाय ट्रॉलीखाली येतो, कुणी चक्कर येऊन पडतं, कुणाच्या हातात फटाका फुटतो. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ओपीडीत आलेल्या बाई मात्र यातल्या कशातच बसत नव्हत्या. वय अठ्ठावन्न. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून त्या चालत आल्या, मान आणि पाठ फळीसारखी ताठ, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू मला खटकलं. चार तास रांगेत उभं राहिलेलं माणूस डॉक्टरसमोर असं हसत येत नाही. भुवया वर ताणलेल्या, ओठांचे कोपरे बाजूला ओढलेले, आणि डोळ्यांत मात्र भीती.

केसपेपरवर लिहिलं होतं: ‘दाढदुखी, तोंड उघडत नाही, ३ दिवस.’

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बाई भांडुपच्या. घरून जेवणाचे डबे करून देतात. तीन दिवसांपूर्वी सकाळी चहाबरोबर खारी खाताना जबडा धरल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास चावेना. घराजवळच्या दंतवैद्याने अक्कलदाढेचा त्रास म्हणून प्रतिजैविक आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जबडा उघडत नाही म्हणून येणाऱ्या बहुतेकांची दाढच दुखत असते, आणि शहरात प्रॅक्टिस करणाऱ्या तरुण दंतवैद्याने धनुर्वाताचा रुग्ण आयुष्यात पाहिलेलाही नसतो. रात्री मळमळलं म्हणून बाईंनी घरातली उलटीची गोळी घेतली, आणि त्या गोळीने आमचाही अर्धा तास खाल्ला. मेटोक्लोप्रमाइडने काही जणांची मान आणि जबडा असाच आवळतो. आमच्या रजिस्ट्रारला तेच वाटलं, मलाही पटलं. त्यावरचं इंजेक्शन दिलं आणि वाट पाहिली. काही फरक नाही.

मग मी लाकडी चपटी मागवली, आइस्क्रीमच्या काडीसारखी, घसा बघायला वापरतो ती. तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. चपटी आत सरकवली आणि तिच्या टोकाने घशाच्या मागच्या भिंतीला हळूच स्पर्श केला. कुणालाही असं केलं की उबळ येते, माणूस तोंड उघडून चपटी बाहेर ढकलतो. बाईंनी ती चावली. कचकन. मला ती सोडवून घेता येईना. जबडा सैल पडायला काही सेकंद गेले, आणि बाहेर आली तेव्हा लाकडावर वरच्या-खालच्या दातांच्या खुणा होत्या. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या मिटलेल्या दातांतूनच पुटपुटल्या, ‘मुद्दाम नाही हो चावलं.’

ही चाचणी परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पद्धतशीर तपासून १९९५ साली प्रसिद्ध केली. धनुर्वाताच्या शंभरातल्या ९४ रुग्णांत ती खरी ठरली, आणि धनुर्वात नसलेल्या एकातही खोटी निघाली नाही. एका लाकडी चपटीची किंमत किती? आजही धनुर्वाताचं निदान रक्ताच्या रिपोर्टवर होत नाही. जखमेतून जंतू वाढवून पाहिले तरी बहुतेकदा हाती काही लागत नाही. डोळ्यांनी आणि बोटांनीच ते करावं लागतं.

‘काही लागलं होतं का?’ या प्रश्नाला मायलेकी दोघींनीही नाही म्हटलं. गंजलेला खिळा, पत्रा, काहीच नाही. गंज आणि धनुर्वात यांची आपल्याकडे अशी गाठ पडलीय की खिळा चकचकीत असेल तर लोक टीटी घेत नाहीत. शेवटी विचारलं ते आमच्या सिस्टरने, त्या स्वतः सिंधुदुर्गातल्या. ‘मावशी, गणपतीला गावी गेलात काय?’

गेल्या होत्या. देवगड तालुक्यात. हरतालिकेच्या दिवशी अनवाणी अंगण सारवत होत्या, तेव्हा कुंपणाच्या करवंदीचा काटा टाचेजवळ मोडला. अर्धा निघाला. उरलेल्यावर रिवाजाप्रमाणे तापवलेल्या बिब्ब्याचं तेल घातलं, दोन दिवसांत दुखायचं थांबलं, आणि विषय संपला. ‘काटा म्हणजे काय जखम?’ मुलीने विचारलं. टाचेच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग होता. दाबला तरी दुखत नव्हता.

त्या काळ्या डागाखाली सगळं होतं. धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, गुराढोरांच्या आतड्यात असतो, शेणातून मातीत उतरतो आणि बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याला जिवंत व्हायला हवी असते हवा नसलेली जागा. शेणाने सारवलेलं अंगण, त्यातून आत गेलेला काटा, वर बिब्ब्याने भाजून बंद झालेलं तोंड आणि आत मेलेलं थोडं मांस. बिब्ब्याच्या चटक्याने बीजाणू मरत नाहीत, दार तेवढं लागतं. जपानचे किटासातो यांनी बर्लिनमध्ये १८८९ साली हा जंतू पहिल्यांदा वेगळा वाढवला तो प्राणवायू काढून टाकूनच.

लस? बाईंच्या जन्मावेळी देशात लसीकरणाचा कार्यक्रमच नव्हता, तो १९७८ साली सुरू झाला. मुलीच्या वेळी पोटुशी असताना एक ‘सुई’ घेतल्याचं आठवत होतं. मुलगी आता तेहतीस वर्षांची. भारतातून नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं, आणि ती खरोखरच मोठी गोष्ट आहे. पण त्या आकड्यांत साठीकडे झुकलेल्या या बायका कुठेच नसतात.

दहा वाजता बाई आयसीयूत. एका मांडीत इम्युनोग्लोब्युलिन ५०० युनिट, म्हणजे दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. दुसऱ्या बाजूच्या दंडात टीडीचा, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचा, पहिला डोस. मेट्रोनिडाझोल शिरेतून. पेनिसिलिन नाही, कारण चेतासंस्थेतलं जे ब्रेक लावणारं रसायन या रोगात आधीच अडलेलं असतं, त्याच्याच कामात पेनिसिलिनही आडवं येतं. काही तासांनी, प्रतिपिंडं रक्तात पसरायला वेळ देऊन, सर्जरीच्या मुलाने टाच उघडली आणि सहा मिलिमीटरचा काळा तुकडा ट्रेमध्ये टाकला. नखाच्या कात्रणाएवढा.

संध्याकाळी पहिला मोठा गणपती आमच्या रस्त्यावर आला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कानात कापूस. तरी ताशाची पहिली तर्री वाजली आणि बाईंची पाठ पलंगावरून उचलली गेली. डोकं आणि टाचा टेकलेल्या, मधलं सगळं शरीर कमानीसारखं हवेत. ज्याने या रोगाला धनुर्वात नाव दिलं त्याने हे बघूनच दिलं असणार. मुलगी दाराबाहेर ओरडली, ‘फिट आली!’ पण आकडीत शुद्ध हरपते, इथे हरपत नाही. ती स्त्री पूर्ण जागी असते. हाड मोडेल इतक्या जोराने स्वतःचे स्नायू आवळतात आणि तिला सगळं कळत असतं. त्या रात्री असे झटके आम्ही चौदा मोजले. डायझेपाम वाढवत नेलं, मॅग्नेशियम सुरू केलं, पहाटे श्वास अडायला लागला तेव्हा नळी घातली, आणि तिसऱ्या दिवशी गळ्यातून छिद्र.

त्या तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती एका कुरिअर कंपनीत पार्सलांचा हिशेब बघते, बोलणं नेमकं. ‘मॅडम, रागावू नका. आई चालत आली होती. तुम्ही विषावरचं इंजेक्शन दिलं, काटा काढला, आणि त्यानंतर ती जास्त झाली. असं कसं?’

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि माझ्या मते धनुर्वाताबद्दलचा हाच एक खरा प्रश्न आहे. शिकाऊ डॉक्टर ‘रोगाचं स्वरूपच तसं आहे’ म्हणून सुटका करून घेतात. पण उत्तर नेमकं देता येतं. ते चेतापेशीच्या पृष्ठभागावर आहे, तिथल्या रिसेप्टरांपाशी, म्हणजे विष ज्यांना चिकटतं त्या रेणूंपाशी.

सुरुवात विषाच्या घडणीपासून करावी लागते. जंतू ते एका लांब प्रथिनाच्या साखळीच्या रूपात बनवतो, मग तिचे दोन तुकडे पडतात. एक जड, साधारण एक लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप), दुसरा हलका, पन्नास हजारांचा. दोघांना गंधकाचा एक बंध धरून ठेवतो. हलका तुकडा ही कात्री. जड तुकड्याचं शेपूट हे पत्ता वाचणारं, आणि त्याचा मधला भाग दार फोडणारा. या शेपटाची एक गंमत आहे. कात्री काढून टाकून नुसतं शेपूट प्राण्यांच्या स्नायूत टोचलं तरी ते चेतांमधून निमूट वर चढतं, काहीही इजा न करता. चेतांचे रस्ते शोधायला संशोधक ते वापरतात. म्हणजे पत्ता शोधणं आणि नुकसान करणं ही दोन कामं इतकी वेगळी आहेत.

विष कशाला चिकटतं, याचा पहिला धागा १८९८ साली हाती आला. वासरमन आणि ताकाकी यांनी मेंदूचा लगदा धनुर्वाताच्या विषात कालवला आणि ते मिश्रण प्राण्यांना टोचलं. प्राणी वाचले. लगद्यातल्या कशाने तरी विष धरून ठेवलं होतं. ते ‘काहीतरी’ काय, हे कळायला साठ वर्षं गेली. १९६० च्या आसपास ऑक्सफर्डमध्ये व्हॅन हेनिंगेन यांनी दाखवून दिलं की ते म्हणजे गँग्लिओसाइड. हे स्निग्ध रेणू असतात. एक टोक पेशीच्या आवरणात रोवलेलं, आणि बाहेर साखरेच्या कणांची फांदी, तिच्या टोकांवर सियालिक आम्ल. चेतापेशींच्या आवरणात, विशेषतः चेतांच्या टोकांशी, हे दाटीने असतात. धनुर्वाताच्या विषाला यातले जीटी१बी आणि जीडी१बी विशेष मानवतात. त्याच्या शेपटावर साखरेसाठी दोन खोबणी आहेत आणि दोन्ही भरल्या तरच त्याची पकड पक्की बसते.

पण गँग्लिओसाइड पुष्कळ, आणि एकेकाची पकड सैल. विष तर रक्तात अत्यंत विरळ असतं. माणसाला मारायला शरीराच्या वजनाच्या किलोमागे अडीच नॅनोग्रॅम पुरतात असा अंदाज आहे. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईसाठी मिठाच्या एका कणाचे शेकडो भाग केले तर त्यातल्या एकाएवढं. इतक्या कमी विषाला नुसत्या सैल पकडीवर पेशीत शिरता येणार नाही. यातून १९८६ साली इटलीच्या मोंतेकुक्को यांनी दोन रिसेप्टरांची कल्पना मांडली. आधी भरपूर असलेल्या गँग्लिओसाइडांनी विषाला आवरणाशी धरायचं, मग तिथे कमी संख्येने असलेल्या एखाद्या प्रथिनाने ते घट्ट पकडून आत न्यायचं. चर्चगेटच्या लोकलसारखं आहे हे. दारातला दांडा आधी कुठल्याही हाताला सापडतो, आत मात्र एखादाच ओढून घेतो.

ही कल्पना आधी खरी ठरली ती धनुर्वाताच्या चुलतभावासाठी, बोटुलिनम विषासाठी. त्याचे काही प्रकार, उदाहरणार्थ बांद्र्याच्या क्लिनिकांत सुरकुत्यांवर टोचला जाणारा ए प्रकार, चेतेच्या टोकातल्या पिशव्यांवरचं एसव्ही२ नावाचं प्रथिन पकडतात. बी प्रकार सिनॅप्टोटॅग्मिन पकडतो. दोन्ही प्रथिनं असतात पिशवीच्या आतल्या बाजूला. चेता काम करते तेव्हा पिशवी आवरणाला भिडून उघडते, तिच्यातलं रसायन स्नायूवर सांडतं, आणि त्या क्षणापुरती तिची आतली बाजू बाहेरच्या जगाला दिसते. विष तेवढ्यात चिकटतं. पिशवी मिटून परत आत जाते, विषाला घेऊन. जी चेता जास्त काम करते तीच जास्त विष ओढून घेते. पेशीने स्वतःच्या कामासाठी ठेवलेल्या दारातूनच विष आत येतं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं. नवं दार फोडावं लागत नाही.

धनुर्वाताच्या विषाचं दुसरं दार बराच काळ सापडत नव्हतं. २०१४ साली चेता आणि स्नायू यांच्या सांध्यातल्या जाळीत असलेली निडोजेन नावाची प्रथिनं पुढे आली. ती विषाला नेमक्या त्या जागी साठवतात जिथून चेता स्वतःसाठी वाढीची द्रव्यं आत घेत असते. विष त्याच वाहनात चढतं. आता फरक बघा. बोटुलिनमची पिशवी आतून लगेच आम्लधर्मी होते. आम्ल लागलं की जड तुकडा आकार बदलतो, पिशवीच्या भिंतीत छिद्र पाडतो, कात्री बाहेर निसटते आणि तिथेच, स्नायूजवळच्या टोकात, काम सुरू करते. धनुर्वाताचं वाहन मात्र उदासीन राहतं, त्याला आम्ल लागत नाही. त्यामुळे दार उघडत नाही, आणि ते वाहन चेतेच्या आतल्या रुळांवरून मेरुरज्जूकडे निघतं.

मेरुरज्जूत पोचल्यावरही विष त्या प्रेरक, म्हणजे स्नायूला हुकूम देणाऱ्या, चेतापेशीत कात्री उघडत नाही. ते तिच्यातून बाहेर पडून शेजारच्या चेतापेशीत शिरतं, जिचं काम आवर घालणं आहे. आपण हात उचलतो तेव्हा एका स्नायूला आवळायचा हुकूम जातो आणि त्याच्या विरुद्ध स्नायूला ‘तू गप्प बस’ असा. हा दुसरा निरोप ग्लायसिन आणि गाबा या रसायनांनी दिला जातो. ही शेवटची वसती. इथे पिशवी आम्लधर्मी होते, कात्री बाहेर पडते, गंधकाचा बंध तुटतो. कात्रीच्या पात्यात जस्ताचा अणू असतो. ती कापते सिनॅप्टोब्रेविन नावाचं प्रथिन, जे नसलं तर पिशवी आवरणाला भिडूच शकत नाही. हे पाडुआतल्या संशोधकांनी १९९२ साली दाखवलं. ‘गप्प बस’ म्हणणारा आवाज बंद झाला, की शरीरातले सगळे स्नायू एकाच वेळी ओरडतात. ताशाच्या एका तर्रीने कमान होते ती यामुळे.

आणि इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय, ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. बोटुलिनमचा बी प्रकार आणि धनुर्वाताचं विष, दोघंही सिनॅप्टोब्रेविन एकाच जागी कापतात. ७६ आणि ७७ क्रमांकाच्या अमिनो आम्लांमध्ये. तीच कात्री, तोच धागा, तीच गाठ. पण एकाने माणूस लुळा पडतो, पापण्या मिटतात, श्वासाचे स्नायू सैल होऊन जीव जातो, आणि दुसऱ्याने माणूस लाकडासारखा ताठतो. फरक फक्त कुठल्या दारातून शिरले आणि कुठल्या स्टेशनला उतरले एवढाच. त्यामुळे रिसेप्टर म्हणजे पाठ्यपुस्तकातला एक बारीक तपशील, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. इथे तर रोगाचं नावच रिसेप्टरने ठरवलंय.

आता मुलीचा प्रश्न. जंतूने सारं विष टाचेत बनवलं आणि ते रक्तातून सगळीकडे पसरलं. मेंदूत थेट रक्तातून ते जाऊ शकत नाही, म्हणून शरीरभरच्या स्नायूंतल्या चेतांच्या टोकांना चिकटलं आणि तिथून वर चढू लागलं. जबड्याची चेता काही इंचांची, पायाची जवळपास मीटरभर. निघाले सगळे एकाच वेळी, पण जबड्यातून निघालेलं विष आधी पोचलं. काटा पायात आणि दातखीळ तोंडात, ती याच कारणाने. तिने हे आधी विचारलं नव्हतं, पण सांगितल्यावर तिने टाचेपासून कमरेपर्यंत स्वतःच्या पायाकडे बघितलं.

इम्युनोग्लोब्युलिनमधली प्रतिपिंडं विषाच्या शेपटाला, म्हणजे पत्ता वाचणाऱ्या भागाला, मिठी मारतात. मग ते गँग्लिओसाइडला चिकटू शकत नाही. पण जे आधीच चिकटून आत गेलं, त्याला प्रतिपिंडं शिवूही शकत नाहीत, ती पेशीत शिरत नाहीत. आईला आम्ही इंजेक्शन दिलं तेव्हा काट्याला अकरा दिवस झाले होते. टाचेतलं आणि रक्तातलं विष आम्ही अडवलं. पण मांडीच्या, पाठीच्या, बरगड्यांच्या चेतांमधून जे निघालं होतं ते वाटेत होतं. ते पुढचे दोन-तीन दिवस पोचत राहिलं. आजार वाढला तो या वाटेतल्या विषाने.

‘म्हणजे पार्सल कलेक्ट झालं की मग डिलिव्हरी थांबत नाही,’ ती म्हणाली.

‘थांबत नाही. नवीन पार्सलं तेवढी थांबवता येतात.’

‘आणि रिटर्न?’

रिटर्न नाही. कात्री पेशीत शाबूत असते तोवर नवं बनलेलं सिनॅप्टोब्रेविनही कापत राहते. ती झिजून, मोडून, नाहीशी व्हायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत आम्ही फक्त श्वास चालू ठेवायचा आणि झटके दाबायचे. हे ऐकवताना मला दर वेळी कमीपणा वाटतो. एवढं सगळं माहीत असून, पेशीच्या आत शिरलेल्या विषावर आज माझ्या हातात काहीच नाही. मॅग्नेशियमचंही तसंच. व्हिएतनाममध्ये २५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००६ साली आला. मॅग्नेशियमने बाकीची औषधं कमी लागली, व्हेंटिलेटर टळला नाही.

दुसरा आठवडा वाईट गेला. झटके कमी झाले आणि रक्तदाब नाचायला लागला. सक्शनची नळी घातली की २००, अर्ध्या तासात ८०, नाडी दीडशे. आवर घालणारा आवाज फक्त स्नायूंचा जात नाही, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हाकणाऱ्या चेतांचाही जातो. व्हेंटिलेटर आल्यापासून धनुर्वाताचे रुग्ण गुदमरून कमी मरतात, मरतात ते या वादळात. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी अशा रुग्णांच्या रक्ताभिसरणाचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि आमच्या पिढीला हे प्रकरण त्यांच्यामुळे कळलं. रात्रपाळीच्या दोन मुलांनी पाळीपाळीने त्या पलंगाशी बसून, गुडघ्यावर हातोडी मारून मॅग्नेशियम जास्त तर होत नाही ना हे बघत, दहा रात्री काढल्या. बाकी तपशील केसपेपरवर आहे, इथे लिहिण्यासारखा नाही.

अठराव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई साध्या वॉर्डात आल्या. गळ्यातल्या छिद्रावर बोट ठेवून बोलायला शिकल्यावर त्यांचं पहिलं लांब वाक्य रजिस्ट्रारला उद्देशून होतं. ‘तुम्ही माझ्या उशाशी उभं राहून वडापाव मागवत होतात. मला सगळं ऐकू येत होतं.’ तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

कोजागिरीनंतर चार दिवसांनी घरी सोडलं. जबडा अडीच बोटं उघडत होता, जिना चढताना पोटऱ्या अजून आखडत होत्या. टीडीचा दुसरा डोस वॉर्डातच झाला होता. तिसऱ्याची तारीख कार्डावर लिहिताना बाईंनी हरकत घेतली. ‘एवढा मोठा आजार होऊन गेला, आता परत कशाला? देवी एकदा आल्या की परत येत नाहीत.’

हरकत वाजवी होती. उत्तर पुन्हा त्या मिठाच्या कणात आहे. जेवढ्या विषाने माणूस मरतो, तेवढं शरीराच्या रक्षकांच्या नजरेतही भरत नाही. चेतापेशी ते आधीच गिळून टाकतात. म्हणून धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसाला पुन्हा होऊ शकतो. लशीत तेच विष फॉर्मल्डिहाइडने निकामी करून, किती तरी पटींनी जास्त घातलेलं असतं. कात्री बोथट, पण शेपूट ओळखू येईल असं. ते बघून शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती पुढच्या वेळी विषाला दारापर्यंत पोचूच देत नाहीत. आम्ही उसनी दिलेली प्रतिपिंडं काही महिन्यांत संपतील, ही त्यांची स्वतःची असतील.

त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. मुलीला पटलं. तिने तिथल्या तिथे दंड पुढे केला, स्वतःचा शेवटचा डोस शाळेत असताना झाला होता.

‘१५ एप्रिल,’ मी कार्ड दाखवलं. ‘त्याआधी गावी जायचं नाही.’

‘आंबा तेव्हाच उतरतो,’ बाई म्हणाल्या. ‘सोळाला निघू.’

‘निघा. पण अंगणात चप्पल घालून.’

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला त्या पहिल्या दिवशीच्या ताणलेल्या भुवया आठवल्या. या वेळी ते त्यांचं स्वतःचं होतं. ‘तुळशीपुढे चप्पल?’

सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या. मी कार्ड मुलीच्या हातात दिलं.